तारा कोणाची

नाव सुचवणारी माणसं तीन होती आणि नाव एकच होतं. भागवतच्या घरात बोअरच्या जागेपासून लग्नाच्या तारखेपर्यंत कुठल्याच गोष्टीवर तीन माणसांचं एकमत आजवर झालं नव्हतं, त्यामुळं सकाळपासून त्याला राहून राहून हसू येत होतं.

सुरुवात भिकाबाईनं केली होती. भिकाबाई म्हणजे भागवतच्या वडिलांची, दगडोबांची, धाकटी बहीण. भागवतच्या पोराला, रुद्रला, मुलगी झाली हे कळल्याबरोबर तिनं वसमतहून फोनवरच सांगून टाकलं होतं, "माझी माय परत आली रे भागवत. तारा नाव ठिवायचं. दुसरं मी ऐकनार न्हाई." आणि बारशाच्या दोन दिवस आधीच पिशवी घेऊन ती आखाडा बाळापुरात दाखल झाली होती. तिची आणि दगडोबांची आई, ताराबाई, जाऊन वीस वर्षं झाली होती, पण बैठकीतल्या फोटोतून ती अजून घरावर नजर ठेवून होती. भर तारुण्यात नवरा गेला, पदरात दोन लेकरं, तरी कोणापुढं वाकली नाही. कयाधूकाठच्या त्यांच्या जमिनीला गावातली जुनी माणसं आजही 'ताराबाईचं रान' म्हणत.

दुसरी प्रतिक्षा. भागवतची मुलगी, म्हणजे बाळाची सख्खी आत्या. पाळण्यात नाव ठेवायचा मान तिचा. हिंगोलीच्या एका कॉलेजात ती इतिहास शिकवायची आणि घरात बोलतानाही वर्गात असल्यासारखी बोलायची.

"ताराराणी!" ती म्हणाली होती. "हंबीरराव मोहित्यांची लेक. पंचविशीत नवरा गेला, औरंगजेब दारात उभा. बाई रडत बसली न्हाई, घोड्यावर बसली. सात वर्षं लढली. तो बादशहा इथंच मेला, दिल्लीला परत गेलाच न्हाई. अन त्या बुलढाण्याच्या ताराबाई? ते तर आपल्या शेजारचं. सव्वाशेच्या वर वर्षं झाली, त्यांनी पुस्तक लिहून सगळ्या पुरुषांना तोंडावर विचारलं, बाईत जे दोष काढता ते तुमच्यात न्हाईत काय? इतक्या तारा असून आपल्या घरी एक नको?"

तिसरी प्रियंका, खुद्द बाळंतीण. प्रियंका हिंगोलीची, बालवाडीत शिकवणारी. तिची आई लहानपणीच गेलेली, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. तिच्या मनातल्या ताराबाई आणखी वेगळ्या. "आमच्या वर्गात ताराबाई मोडकांचा फोटो आहे," ती म्हणाली. "गुरं राखणारी लेकरं शाळेत येत न्हाईत म्हणून त्या शाळाच घेऊन कुरणात गेल्या. लेकरू येत नसेल तर आपण त्याच्या अंगणात जायचं, हे त्यांचंच."

"ही मोडकांची कोन?" भिकाबाईनं विचारलं. "आपल्या सोयऱ्यात मोडक कोनी न्हाईत."

सगळे हसले. भिकाबाई स्वतःही हसली. तिला काय, नाव तेच राहत होतं, मग ते घोड्यावरून येवो की कुरणातून.

हे सगळं बारशाच्या दिवशी सकाळी, ओट्यावर चाललं होतं. समोर अंगणभर शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि तिचा ओला, मातकट वास घरात भरून राहिला होता. चार वाजता बायका येणार होत्या. भागवतची आई, द्वारकाबाई, ओट्याच्या टोकाला घुगऱ्यांचे गहू निवडत बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, बारीक अंगाची, आणि इतकी कमी बोलणारी की तिच्यादेखत तिच्याबद्दल बोललं तरी लोकांना भान राहत नसे.

"मग ठरलं," भागवत म्हणाला. "तारा."

"ते नाव न्हाई ठिवायचं," द्वारकाबाई म्हणाली.

तिनं मान वर केली नव्हती. सुपातला एक खडा उचलून तिनं अंगणात टाकला.

"काय म्हनलीस माय?"

"दुसरं काय बी ठिवा. ते नगं."

भिकाबाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "काहून नगं, वैनी? माझ्या मायचं नाव हाय म्हनून?"

द्वारकाबाई गहू निवडत राहिली.

"बोला की. वीस वर्सं झाली माय जाऊन. मेलेल्या मानसावर येवढा राग?"

"मी राग म्हनलं का?"

"मंग काय म्हनायचं ह्याला?"

दगडोबा खुर्चीतून उठले. काठी घेतली. "हळद पालथी करायची राहिली," असं कोणालाच न सांगता सांगितलं आणि अंगणात उतरले. हळद तासाभरापूर्वीच पालथी केलेली होती. भागवतनं स्वतः केली होती.

तासाभरात घराचे दोन भाग झाले. भिकाबाईनं फोटोखाली बैठक मांडली आणि पिशवी भरायला घेतली. "तीनच्या गाडीनं जाते मी. जिथं माझ्या मायचं नाव चालत न्हाई तिथं मी काहून बसू?" पिशवी भरत होती, पण लुगडं घडी घालून पुन्हा मोडत होती, कोणीतरी अडवावं म्हणून.

भागवत तिच्या बाजूनं होता. ताराबाई आजीनं त्याला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तो स्वयंपाकघरात बायकोला म्हणाला, "संगिता, माय तुझं ऐकते. समजावून सांग. गावातल्या बाया येतील अन आत्या रुसून गेलेली दिसली तर काय म्हनतील?"

संगिता भाजी चिरत होती. तीस वर्षं ती या घरात सून होती आणि सासूला, द्वारकाबाईला, आत्याबाई म्हणायची. "आत्याबाईंनी आजवर काय मागितलं तुमाला?" ती म्हणाली. "साडी मागितली? कुठं जायचं म्हनल्या? आज पयल्यांदा एक गोष्ट नको म्हनल्या, तर मीच जाऊन समजावू?"

"म्हंजे तू पन तिकडूनच?"

"मी कुठूनच न्हाई. मला भाजी करायची हाय."

प्रतिक्षाची आणखी पंचाईत. काल रात्रीच तिनं पाळण्याला लावायला रंगीत कागदावर मोठ्या अक्षरात 'तारा' लिहून ठेवलं होतं. ती आजीजवळ जाऊन बसली. "आजी, पणजीचं नाव नको ना? मग तिचं नकोच. आपण ताराराणीचं म्हणून ठेवू."

"नावावर लिवलेलं असतं का, कोनाचं हाय ते?" द्वारकाबाई म्हणाली. "समदे म्हनतील ताराबाईची तारा. फोटो तर समोरच हाय."

प्रतिक्षानं फोटोकडं बघितलं.

अकराच्या सुमाराला द्वारकाबाई तेलाची वाटी घेऊन बाळंतिणीच्या खोलीत गेली. बारा दिवस ती स्वतः बाळाला न्हाऊ-माखू घालत होती. पाय लांब करून बसली, पोरीला नडग्यांवर निजवलं आणि तिच्या पाठीवर तळवा फिरवू लागली. प्रियंका बाजेवरून बघत होती. या म्हातारीचा तिला लळा लागला होता. दवाखान्यातून आली त्या दिवशी "तुजी माय न्हाई तर काय झालं, मी हाय," एवढंच बोलून द्वारकाबाईनं तिच्या उशाशी आपलं अंथरूण टाकलं होतं.

"आजी," प्रियंका म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर मला पण नको. मी सांगते बाहेर."

"तू कशाला वाईट व्हतीस?"

"पण मला एवढं सांगा, त्यांनी तुम्हाला लई त्रास दिला का? पणजीनं?"

द्वारकाबाईचा हात थांबला. "न्हाई गं," ती म्हणाली. "तसं न्हाई. मला विषमज्वर झाल्ता तवा एकवीस दिवस बसून व्हत्या उशाशी. माझं तोंड पुसायच्या. करारी व्हत्या, पन वाईट नव्हत्या." मग पोरीला उताणं करत म्हणाली, "सून सासूचं नाव घेत न्हाई. मी जन्मात कव्हा घेतलं न्हाई. आता ह्या लेकराचं तेच ठिवलं तर मी हिला काय म्हनून हाक मारू?"

प्रियंकाला ते पटलं, आणि तरी पुरतं पटलं नाही. एवढ्यासाठी कोणी डोळे पुसत नाही. द्वारकाबाईनं तेलकट हाताच्या मनगटानं डोळे पुसले होते.

बारा वाजता डोंगरकड्याहून, द्वारकाबाईच्या माहेरहून, नागोराव आले. द्वारकाबाईचा धाकटा भाऊ, सत्तरीला टेकलेला, मोठ्या आवाजाचा माणूस. डोक्यावर केळीचा घड, काखेत बाळाच्या कुंचीचं पुडकं.

"वारंगा फाट्यावर अर्धा घंटा उभा व्हतो, जीपच भेटंना!" ते ओट्यावर चढता चढता म्हणाले. घड उतरवला, पाणी प्यायले, मिशा पुसल्या. मग घरात कोणीच बोलत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. भिकाबाई भरलेल्या पिशवीवर हात ठेवून बसलेली. दगडोबा अंगणात हळदीसमोर उभे. भागवत खांबाला टेकलेला.

"काय झालं? लेकरू बराबर हाय ना?"

"लेकरू छान हाय मामा," भागवत म्हणाला. "नावावरून अडलं."

"नावावरून? काय ठिवून राहिले?"

प्रतिक्षानं हातातला रंगीत कागद उचलून दाखवला.

नागोरावांनी डोळे बारीक करून अक्षरं वाचली आणि त्यांचं तोंड एकदम फुललं. "अरे वा! अक्काचं नाव! म्हंजे शेवटाला आठवलं म्हना तुमाला!"



"कोणत्या अक्काचं?" प्रतिक्षानं विचारलं.

"कोनत्या म्हंजे? माझ्या. हिच्या." बाळाला घेऊन दारात आलेल्या द्वारकाबाईकडं त्यांनी बोट केलं. "आमच्या घरी ती ताराच व्हती की. द्वारका तर इथं आल्यावर केलं तिला."

"नागोराव, गप बस," द्वारकाबाई म्हणाली.

"काहून गप बसू? खोटं बोलून राहिलो का?"

भागवत खांबापासून सरळ झाला. त्याला डोंगरकड्याचं आजोळ आठवलं. सुट्टीत गेलं की गाडीतून उतरता उतरता आईची आई दारातून हाक मारायची, "आली का गं माझी तारू!" त्याला वाटायचं, लाडानं म्हणते. सोनू, बाळू म्हणतात तसं. ते आईचं नाव असेल हे पन्नास वर्षांत एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं.

"माय," तो म्हणाला. "खरं का?"

द्वारकाबाईनं बाळाला प्रियंकाच्या हातात दिलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उंबऱ्याच्या आत बसली. बोलायचं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं.

"सोळा वर्साची व्हते," ती म्हणाली. "लगीन लागून दारात आले. माप ओलांडायच्या आधी सासूबाई म्हनल्या, घरात एक तारा हाय, दुसरी कशी चालंल? सून माझं नाव सांगत गावात फिरनार का? भटजी म्हनले, द्वारका ठिवा. झालं. माप ओलांडलं अन आत आले तवा द्वारका व्हते."

"मग तुम्ही काही बोलला न्हाईत?" प्रतिक्षानं विचारलं.

"नवी नवरी बोलती का? अन समद्यांचंच बदलायचे तवा. त्याचं काय न्हाई." ती थांबली. "पन बाकीच्या बाया आपलं जुनं नाव कव्हातरी घ्यायच्या. माहेरची मैतरीन भेटली, जत्रंत कोनी विचारलं. मला घेताच येईना. माझं नाव अन सासूचं नाव एकच. माझं घेतलं तरी त्यांचं घेतल्यावानी व्हायचं. माझंच नाव माझ्या तोंडाला बंद झालं. रात्री वर बघून लेकरं विचारायची, आजी ते काय, तर मी चांदन्या म्हनायची. तारे म्हनायची न्हाई."



"डोंगरकड्याला चौथीपतुर शाळंत गेले मी," द्वारकाबाई पुढं म्हणाली, आता जरा सलग. "आमचे मास्तर इतिहास सांगायचे. ताराराणीचा धडा आला का मला उभं करायचे. म्हनायचे, ही आपली डोंगरकड्याची ताराराणी, टाळ्या वाजवा. पोरं हसायची, पन टाळ्या वाजवायची. परतिक्षानं काल घोड्यावरची गोष्ट सांगितली ना, ती मला ठाऊक व्हती. तिच्या आधीपासून."

प्रतिक्षाच्या हातातला कागद खाली आला. काल रात्री तिनं ती गोष्ट आजीला समोर बसवून, हळूहळू, अडाण्याला सांगावी तशी सांगितली होती.

"मंग ठिवू दे की अक्का," नागोराव म्हणाले. "तुझंच नाव हाय."

"माझं कुठं राहतंय रे?" द्वारकाबाई म्हणाली. "फोटोतल्या ताराबाईचं म्हनून पाळन्यात घालतील. मंग ते पक्कं त्यांचं झालं. माझं व्हतं हे ठाऊक असनारी दोन-चार मानसं हाईत, आमी गेलो का तेवढं बी गेलं. एकदा गेलं ते गेलं. आता दुसऱ्यांदा माझ्यासमोर काहून न्यायचं?"

संगिता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिच्या हातात सुरी तशीच होती. "माझं रुक्मिणी ठेवणार होते," ती म्हणाली. कोणाशी बोलत होती कळत नव्हतं. "माझ्या लग्नात. पणजी म्हनल्या, संगिता काय नाव हाय, रुक्मिणी ठिवा. अन आत्याबाई मधी पडल्या. राहू द्या म्हनल्या. तेवढंच बोलल्या, पन सगळ्यांपुढं बोलल्या. मला वाटलं, नाव बदलायचा खटाटोप नको म्हनून बोलल्या असतील." ती सुरी खाली ठेवून द्वारकाबाईच्या शेजारी बसली आणि तिचा हात हातात घेऊन बसून राहिली.

भिकाबाईचं काय करायचं ते भागवतला कळेना. तिची मान खाली होती. तिच्या मायबद्दल, फोटोखाली, हे सगळं बोललं गेलं होतं. आता ती पिशवी उचलून जाईल, असंच त्याला वाटलं.

भिकाबाई आपल्या गालाला हात लावून बसली होती.

"मला मारलं व्हतं मायनं," ती म्हणाली.

"कव्हा?"

"वैनी आल्या त्या साली. मी आठ वर्साची. लग्नात समदे तारा तारा म्हनत व्हते, मला तेच ठाऊक. दुसऱ्या दिशी मी अंगनातून हाक मारली, तारावैनी, माझी वेनी घाला. मायनं येऊन इथं मारलं, गालावर. म्हनली, माझं नाव घेती का, रांडे." भिकाबाईनं वर बघितलं. तिचे डोळे भरले होते. "मला वाटायचं, उगं मारलं. इसरूनच गेले व्हते. वैनी, तुमी माझी वेनी घातली त्या दिशी. मी रडून राहिले अन तुमी बी रडून राहिल्या. मला वाटलं, माझ्यासाठी रडतात."

"तुझ्यासाठी बी रडले," द्वारकाबाई म्हणाली. "गाल लाल झाल्ता तुजा."

भिकाबाई उठली, पिशवी तिथंच सोडून येऊन उंबऱ्यापाशी संगिताच्या पलीकडं बसली. दोघी म्हाताऱ्या आणि मधे संगिता, अशा तिघी दारात बसल्यामुळं आत-बाहेर जायची वाटच बंद झाली.

तेव्हा दगडोबा अंगणातून ओट्याच्या पायरीपर्यंत आले. वर चढले नाहीत. हातातली काठी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"मला ठाऊक व्हतं," ते म्हणाले. "पत्रिकेवर तारा छापलं व्हतं. मी चार-पाच वेळा वाचली व्हती ती पत्रिका. नाव आवडलं व्हतं मला."

सगळे त्यांच्याकडं बघत होते. या घरात दगडोबांनी चार वाक्यं सलग बोलण्याचा प्रसंग क्वचित यायचा.

"मायपुढं बोलायची हिंमत झाली न्हाई. वीस-एकवीस वर्साचं पोरगं मी. मंग सवय पडली. सवय पडली का मानूस इसरतं. न्हाई, इसरत न्हाई, इसरल्यावानी करतं. सकाळी तू नगं म्हनलीस तवाच मला समजलं काहून ते. अन मी हळद बघायला गेलो." त्यांनी काठी पायरीवर टेकवली. "मायचं चुकलं. माझं बी चुकलं. अन माझं जास्ती. ती तर जुन्या काळाची बाई व्हती."

द्वारकाबाईनं पदर नीट केला. नंतर म्हणाली, "उनात काहून उभे? वर या."

दोन वाजता जेवणं झाली. आता घरात एकच मत होतं आणि ते सगळे मिळून द्वारकाबाईला पटवत होते. तारा ठेवायचं, आणि तिचं म्हणून ठेवायचं. पण भिकाबाईला नवीच शंका आली.

"जित्या मानसाचं नाव लेकराला ठिवत न्हाईत," ती हळू आवाजात म्हणाली. "वैनीचं आयुष्य कमी व्हईल."

"ते नाव जितं कुठं हाय भिकाबाई?" द्वारकाबाई म्हणाली. "त्याला जाऊन अठ्ठावन्न वर्सं झाली." मग तिनं प्रियंकाकडं बघितलं. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं, वळलेल्या मुठी कानांपाशी. "तुला काय वाटतं? लेकरू तुजं हाय. इतक्या वेळात तुला कोनी इचारलं न्हाई."

ते खरंच होतं, हे प्रियंकाला त्या क्षणी जाणवलं. "मला तारा आवडतं," ती म्हणाली. "सकाळी मोडकांच्या ताराबाईंसाठी आवडत होतं. आता तुमच्यासाठी. पण तुम्हाला जड जाणार असेल तर नको."

द्वारकाबाईनं पोरीच्या कपाळावरून तळवा फिरवला.

"ठिवा," ती म्हणाली. "पन कोनाचं म्हनून ठिवू नका. सासूबाईंचं न्हाई, रानीचं न्हाई अन माझं बी न्हाई. हिचं म्हनून ठिवा. मोठी झाली का तिला समद्या तारा सांगा, परतिक्षा हायच सांगायला. माझं बी सांगा. पन नाव हिचं." मग ती भागवतकडं वळली. "अन एक गोष्ट. उद्या हिचं लगीन व्हईल. तवा कोनी हे नाव बदलायचं न्हाई. नवऱ्यानं म्हनलं तरी न्हाई, सासूनं म्हनलं तरी न्हाई. हे मला आज सांगा. बायांसमोर सांगा."

चार वाजता बायका आल्या. ओट्यावर, बैठकीत, दारात मावतील तेवढ्या. रुद्रनं पाळण्याला फुगे बांधले होते, आणि प्रतिक्षानं कागद अजून लावला नव्हता, नाव फुटू नये म्हणून. पाळणागीत झालं. बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवलं, "कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या" म्हणत. बाळ या हातातून त्या हातात गेलं, आणि अजिबात रडलं नाही.

कानात नाव सांगायची वेळ आली तेव्हा प्रतिक्षा पुढं झाली आणि थांबली. "थोडं थांबा," ती बायकांना म्हणाली. "आधी आमच्या आजोबांना काही बोलायचं आहे."

बारशात पुरुषांनी बोलायची रीत नव्हती. दगडोबा दारात, बायकांच्या मागं उभे होते. माना वळल्या. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"ह्या लेकराचं आज जे नाव ठिवतील," ते म्हणाले, "ते शेवटपतुर तेच राहील. लग्नात बदलनार न्हाई. मी असलो तर मी बघीन, नसलो तर भागवत बघंल, रुद्र बघंल. हे मी समद्यांसमोर बोललो."

"बराबर!" मागून नागोराव ओरडले, आणि बायका हसल्या. का बोलले ते बहुतेकींना कळलं नाही. पण एका म्हातारीनं शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि शेजारणीनं मान हलवली. तिचंही नाव कधीकाळी दुसरं होतं.

प्रतिक्षानं आजीचा हात धरून तिला पाळण्यापाशी आणलं. "कानात मी सांगते," ती म्हणाली. "तो माझा मान आहे, तो मी कोणाला देत न्हाई. पण मोठ्यानं तुम्ही सांगायचं."

ती वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, "कुर्रर्र" केलं. रीतीप्रमाणं बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले आणि भिकाबाईचा बुक्का सगळ्यांत जोरात बसला. मग सगळ्या द्वारकाबाईकडं बघू लागल्या.

द्वारकाबाईचे ओठ हलले. आवाज आला नाही. तिनं नकळत मान वळवून बैठकीतल्या फोटोकडं बघितलं, अडतीस वर्षं ज्या बाईच्या हाताखाली काढली तिच्याकडं. मग पाळण्याची दोरी धरली.

"तारा," ती म्हणाली.

"मोठ्यानं की वो, ऐकू आलं न्हाई!" मागची एकजण म्हणाली.

"तारा!" द्वारकाबाई म्हणाली, इतक्या मोठ्यानं की पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं, आणि मग हसण्यात, बुक्क्यांत आणि घुगऱ्यांच्या वाट्या वाटण्याच्या गडबडीत कोणालाच काही ऐकू येईना.

बायका गेल्या. नागोराव शेवटच्या जीपसाठी निघाले. भिकाबाई काही गेली नाही, पिशवीतलं लुगडं काढून, घडी मोडून, फोटोखालीच पसरून आडवी झाली. दिवे लावायला अजून अवकाश होता. अंगणातली हळद भागवत आणि रुद्र ताडपत्रीखाली झाकत होते.

द्वारकाबाई ओट्याच्या कडेला पाय सोडून बसली होती. दगडोबा येऊन हातभर अंतरावर बसले. संसाराची इतकी वर्षं झाली, पण त्यांनी तिला नावानं कधी हाक मारली नव्हती, द्वारका म्हणूनही नाही. 'अवो' म्हणायचे, नाहीतर 'भागवतची माय'. आता त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तारा," ते म्हणाले.

द्वारकाबाईनं वळून बघितलं. म्हाताऱ्याचे कान लाल झाले होते.

"लेकराला बलावून राहिले का?"

"न्हाई," दगडोबा म्हणाले. "तुला."

अंगणात रुद्र ताडपत्रीचं टोक ओढत होता, त्याच्याकडं ती बघत राहिली.

"आता काय करता," ती मग म्हणाली. "द्वारकाचीच सवय झाली मला. ह्या वयात नवं कशाला." पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. थोडी त्यांच्याकडं सरकली.

"पन अजून एकदा म्हना," ती म्हणाली.